ऑइल बदललं आणि धूर सुरू झाला

प्रश्न : एटीव्हीचं (कच्च्या रस्त्यावर चालवायच्या जाड चाकांच्या गाडीचं) इंजिन ऑइल पहिल्यांदाच घरी बदललं. आता निळसर धूर येतोय, एअर फिल्टरचा फोमही तेलाने चिंब आहे. इंजिन गेलं का?

उत्तर : घाबरू नका, बहुधा ऑइल जास्त पडलंय. जादा तेल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात चढतं आणि इंजिनात जळतं. जादा तेल काढेपर्यंत गाडी मात्र चालवू नका. डिपस्टिकने (तेलाची पातळी बघायच्या कांडीने) तेल कसं मोजलंत? काही गाड्यांत ती आटे आवळून मग पातळी बघायची असते. नुसती टेकवली तर तेल कमी दिसतं, आणि आपण ओतत राहतो. माझंही असंच झालं होतं. तुमच्या गाडीची पद्धत कोणती, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. गाडी सपाट जागी ठेवून डिपस्टिकच्या भोकातून सिरिंजला नळी लावून थोडं थोडं तेल ओढा, वरच्या खुणेखाली येईपर्यंत. फोम साबणाच्या पाण्यात धुवा. पिळू नका, तळव्यात दाबा. वाळल्यावर फिल्टर ऑइल (धूळ धरून ठेवणारं, फोमसाठीचं खास तेल) चोळायला विसरू नका, कोरड्या फोममधून बारीक धूळ आत जाते.