गोवंडी-मानखुर्दची बाजू 'खराब' कशी ठरली, आणि तिथे घर घेताना काय तपासायचं

तुमचा प्रश्न असा: मुंबईत गोवंडीकडे भाडं परवडतंय, पण घरचे, ऑफिसातले, सगळेच 'तिकडे नको' म्हणतात. शहराची एखादी बाजूच अशी बदनाम का होते, आणि त्या बदनामीवर कितपत विश्वास ठेवायचा?

बदनामी एका ठरावीक क्रमाने येते. शहराला स्वतःच्या दाराशी नको असलेल्या गोष्टी आधी एका कडेला जातात. मग ज्यांना दुसरीकडे थारा नाही ती माणसं तिथे येतात, बऱ्याचदा सरकारच त्यांना आणून सोडतं. पाणी, गटार, दवाखाना मागून येतात, तेही अर्धे. नाव सगळ्यात शेवटी खराब होतं. गोवंडीच्या बाबतीत हा क्रम सालांसकट मांडता येतो.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड पालिकेच्या कागदोपत्री १९२७ पासून चालू आहे. तेव्हा ही खाडीकाठची दलदल होती आणि शहर लांब होतं. १९५०च्या दशकात माहुल-ट्रॉम्बेकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पुढे खताचा कारखाना आला. १९७१मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवला. चेंबूरला भिक्षेकरी गृह, मानखुर्दला बालगृह. ही यादी बारकाईने पाहा: यातली प्रत्येक गोष्ट मुंबईला लागतेच, पण ती कुणालाच शेजारी नको होती.

आता माणसं. मे १९७६मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पाडली आणि तिथली हजारो कुटुंबं ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पला नेली. साधारण त्याच काळात पालिकेने शिवाजीनगर-बैंगणवाडी वसवली. नकाशा उघडून या भागावर मोठा करून बघा. सरळ रेषेतले, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते दिसतील आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. मूळ प्लॉट १० बाय १५ फुटांचे. ज्याला लोक 'बेकायदा झोपडपट्टी' म्हणून मोकळे होतात, त्याचा मोठा भाग पालिकेच्या टेबलावर पट्टीने आखलेला आहे. दीडशे चौरस फुटांत एक कुटुंब बसवलं, ते वाढलं, वर माळा चढला, खाली जरीचा कारखाना किंवा भंगाराचा काटा आला. गल्ली मात्र तेवढीच राहिली. अरुंद गल्लीत अग्निशमनची गाडी शिरत नाही, कचऱ्याची गाडी शिरत नाही, आणि बाहेरून आलेल्याला तिथे भीती वाटते.

तिसरा लोट २००० नंतरचा. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांची घरं गेली त्यांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. पुनर्वसनाच्या इमारतींना नियमांत सूट होती, म्हणून दोन इमारतींत काही ठिकाणी जेमतेम ३ मीटरचं अंतर ठेवलं गेलं. सात मजली इमारती आणि मध्ये ३ मीटर, म्हणजे खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि हवा हलत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासात या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण मानखुर्दच्याच पीएमजीपी (पंतप्रधान अनुदान प्रकल्प) वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं, आणि पीएमजीपीत इमारती मोकळ्या अंतरावर आहेत. भाग एकच, लोक साधारण सारख्याच कमाईचे, फरक पडला तो बांधकामात. 'तिकडे टीबी फार' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं आहे, फक्त त्याचं कारण नकाशावर सही करणाऱ्यांकडे आहे.

पाण्याचंही तसंच. वस्ती ठरावीक तारखेनंतरची असेल तर नळ नाही, असा नियम वर्षानुवर्षं चालला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४मध्ये उच्च न्यायालयाने २०००नंतरच्या झोपड्यांनाही पाणी देण्याचं धोरण करायला सांगितलं. तोवर माणसं पाण्यावाचून थोडीच राहणार होती? चोरून नळ जोडले, टँकरवाल्याला पैसे मोजले. जिथे पाणी फक्त भाईकडून मिळतं तिथे भाई तयार होतोच, आणि मग 'तिथे गुंडांचं राज्य' ही बातमीही तयार होते.

बातमी कशी बनते तेही समजून घ्या, कारण नाव तिथेच खराब होतं. गुन्हा पोलीस ठाण्याच्या नावाने छापला जातो. गोवंडी-मानखुर्द ज्यात येतं त्या पालिकेच्या एम पूर्व वॉर्डात २०११च्या जनगणनेनुसार ८ लाखांवर लोक आहेत, म्हणजे महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांपेक्षा जास्त, पण एका कोपऱ्यातली हाणामारी अख्ख्या 'गोवंडी'च्या नावावर जमा होते. शिवाय चोरी दादरला झाली आणि पकडलेला इथे राहणारा निघाला, तरी मथळ्यात गोवंडी. उलटं कधी होत नाही: कफ परेडच्या फ्लॅटमध्ये कोट्यवधींचा घोटाळा झाला म्हणून कुणी कफ परेडला 'खराब एरिया' म्हणत नाही.

एकदा नाव गेलं की पत्ताच नुकसान करायला लागतो. काही बँका आणि फायनान्सवाले काही पिनकोड 'निगेटिव्ह एरिया'त टाकतात, मग पगार चांगला असूनही कार्ड किंवा कर्ज अडतं. म्हणून ज्याला जमेल तो पत्ता बदलतो. शिवाजीनगरचा पिन ४०००४३, देवनारचा ४०००८८, चेंबूरचा ४०००७१. दलाल ४०००८८मधलं घरही 'चेंबूर ईस्ट' म्हणून दाखवतो. हे सगळीकडेच चालतं. गिरण्या गेल्यावर लोअर परळचं बिल्डरांनी 'अपर वरळी' केलं. पुण्यात कारागृह आणि मनोरुग्णालयामुळे 'येरवड्याला पाठवा' ही टिंगल झाली, आणि त्याच येरवड्याला लागून कल्याणीनगर हे महाग नाव उभं राहिलं. जमीन तीच, पाटी नवी.

आता तुमच्या घराचं. दलालाच्या वेळेवर, म्हणजे संध्याकाळी पाचला, घर बघू नका. त्या वेळी वारा समुद्राकडून वाहतो आणि डम्पिंगचा वास खाडीकडे जातो. थंडीत पहाटे सहा-सातला जा. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला असतो, आणि धूर-वास वस्तीवर बसतो. जानेवारी २०१६मध्ये डम्पिंगला मोठी आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस असाच बसून राहिला आणि या भागातल्या पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर ही एक फेरी चुकवू नका.

त्याच फेरीत पाण्याची वेळ विचारा. घरमालकाला विचारण्यापेक्षा पाणी भरणाऱ्या बाईंना विचारा: किती वाजता येतं, किती वेळ, मोटर लावावी लागते का. दुसरी फेरी दुपारी बारा-एकला. खोलीतले दिवे बंद करून वर्तमानपत्र वाचता येतं का बघा, खिडकीतून समोरची भिंत किती पावलांवर आहे ते मोजा. पहिला-दुसरा मजला असेल तर हे आणखी महत्त्वाचं. तिसरी फेरी रात्री साडेदहानंतर, स्टेशनपासून इमारतीपर्यंत चालत. रस्त्यावरचे दिवे, उघडी दुकानं आणि एकट्या चालणाऱ्या बायका मोजा. बायका दिसल्या तर रस्ता ठीक आहे, ही खूण फारशी चुकत नाही.

नशेचा प्रश्न खरा आहे, तो झाकून उपयोग नाही. 'बटण' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या आणि एमडी (मेफेड्रोन) हा अमली पदार्थ काही गल्ल्यांत सहज मिळतात. पण हे गल्लीगणिक बदलतं, म्हणून आसपासच्या मेडिकलवाल्याला आणि शाळेजवळच्या वडापाववाल्याला विचारा. कुठल्या गल्लीत काय चालतं ते त्यांना माहीत असतं.

भाड्याऐवजी विकत घेणार असाल तर टोकन देण्याआधी बँकेत तो पिनकोड आणि इमारतीचं नाव तोंडी तपासून घ्या, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) बघा, आणि घर पुनर्वसनाचं आहे की विक्रीचं ते विचारा. पुनर्वसनाचं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही आणि हस्तांतराला झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) प्राधिकरणाची परवानगी लागते. नोटरीच्या कागदावर किंवा पॉवर ऑफ अॅटर्नीवर 'सगळे असंच घेतात' म्हणून दिलेलं घर घेऊ नका. पात्रतेची तपासणी झाली की आधी बाहेर निघतो तो असा खरेदीदारच.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. २०२४मध्ये देवनार डम्पिंगची सुमारे १२५ एकर जमीन धारावी प्रकल्पातल्या घरांसाठी द्यायचं राज्य सरकारने ठरवलं. त्यासाठी आधी वर्षानुवर्षांचा कचरा उपसावा लागणार आहे. तो उपसताना धूळ आणि वास वाढणार, ट्रक वाढणार, आणि नंतर आणखी एक वस्ती येणार. घर डम्पिंगच्या भिंतीजवळ असेल तर ट्रकचा रस्ता कुठून जातो एवढं विचारून मगच करार करा.