डिशवॉशरला स्वस्त आणि चांगली पावडर कोणती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी डिशवॉशरबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: यंत्र घेतलं, पण दर महिन्याच्या टॅब्लेटचा खर्च परवडत नाही आणि स्वस्त पावडर आणली तर भांडी मनासारखी निघत नाहीत.

प्रश्न: आमचं चौघांचं कुटुंब, रोज एकदा यंत्र लागतं. टॅब्लेट महाग पडतात म्हणून पावडर आणली, पण काचेचे पेले आणि स्टीलच्या ताटांवर पांढुरका थर येतो. कमी खर्चात चांगली धुलाई देणारी पावडर कोणती?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: पावडर बदलण्याआधी पाणी तपासा. घोडबंदर पट्ट्यातल्या अनेक सोसायट्यांत पालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. टँकर बोअरचा असेल तर पाणी जड होतं, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर वाढले की आणखी जड. जड पाण्यातलं कॅल्शियम पावडरमधल्या सोड्याशी मिळून भांड्यांवर चुन्यासारखं बसतं. मग पावडर कितीही महाग आणा, थर येणारच.

तपासायला टीडीएसचं पेन पुरेसं नाही. ते पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार मोजतं. खाडीलगतच्या बोअरला साध्या मिठाचा अंशही असू शकतो, मग आकडा मोठा दिसतो आणि जडपणा तितका नसतो. शोभेच्या माशांच्या दुकानात जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं. पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं आणि रंग पालटेपर्यंतचे थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश (जडपणाचं माप), म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानला आहे, म्हणजे साधारण ११ अंश. पिण्याला ते पाणी ठीक, पण डिशवॉशरला तेवढ्यावरही त्याचं खास मीठ लागतं. ते तळाच्या वेगळ्या टाकीत भरतात आणि त्याच्या जोरावर यंत्र पाणी मऊ करतं. आणखी एक बघून घ्या: यंत्राची नळी कुठल्या नळाला जोडली आहे? काही इमारतींत फ्लशला बोअरची वेगळी लाइन असते, आणि युटिलिटीच्या बाल्कनीत प्लंबरने सोयीची म्हणून तीच जोडलेली असते.

आता थर कसला आहे ते ओळखा. पेल्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पाच मिनिटं ठेवा. थर गेला तर तो क्षारांचा: मीठ भरा, जडपणाचं सेटिंग वाढवा. नुसत्या पाण्याने पुसून गेला तर न विरघळलेली पावडर आहे: फेरी फार छोटी आहे, किंवा ताट आडवं येऊन पावडरच्या कप्प्याचं झाकण पुरतं उघडत नाही. दोन्हींनी गेला नाही आणि काच घासल्यासारखी धुरकट दिसली, तर काचच झिजली आहे. फार मऊ पाणी, जास्त पावडर आणि जास्त तापमान एकत्र आले की असं होतं, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून जडपणाचं सेटिंग ‘असू दे जास्तच’ म्हणून वर ठेवू नका. टँकरच्या दिवसांत वाढवा, पावसाळ्यात पुन्हा मोजून खाली आणा.

पावडर निवडताना पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथे प्रोटिएज आणि अमायलेज ही दोन एन्झाइम हवीत. प्रोटिएज डाळ, दूध, अंडं यांचा वाळलेला थर सोडवतं. अमायलेज भात, पोहे, कणकेचा चिकटा सोडवतं. सोडियम परकार्बोनेट हवं, ते चहाचे डाग आणि हळदीचा पिवळेपणा काढतं. सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, सगळ्यांत असतोच. तेलाचा ओशटपणा त्याने आणि गरम पाण्याने निघतो. सिलिकेट असेल तर काच आणि धातू सांभाळले जातात. नुसता सोडा, मीठ आणि सुगंध असलेली पावडर स्वस्त दिसते, पण तिच्याने कुकरच्या डब्याला चिकटलेला वरणभात निघत नाही आणि मग ती दुप्पट घालावी लागते. घटक छापलेच नसतील तर किलोचं पाकीट उचलू नका, लहान पाकीट आणून आठवडाभर वापरून बघा.

खर्च किलोवर नव्हे, फेरीवर काढा. समजा किलोभर पावडर ४०० रुपयांना मिळाली. कप्प्यात २० ग्रॅम आणि आधीच्या खंगाळणीसाठी दाराच्या आतल्या बाजूला ५ ग्रॅम, अशा ४० फेऱ्या होतात, फेरीला १० रुपये. ६० टॅब्लेट १,०८० रुपयांना असतील तर फेरीला १८. महिन्याच्या तीस फेऱ्यांत २४० रुपयांचा फरक पडतो. पावडरच्या हिशेबात मीठ आणि रिन्स एड (शेवटच्या खंगाळणीत पाणी निथळून भांडी डागांशिवाय वाळावीत म्हणून घालायचं द्रव) मात्र धरा. रिन्स एड फेरीला ३ ते ५ मिलिलिटर जातं, त्यामुळे फरक थोडा कमी होतो, पण पुसला जात नाही.

पावडरचा खरा फायदा मापाचा आहे. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. चहा-नाश्त्याच्या भांड्यांना तीन चमचे पुरतात. रस्सा, तळण, कुकर असा पूर्ण भार असेल तर चार चमचे कप्प्यात आणि एक दारावर. टॅब्लेट दोन्ही वेळा एकच जाते. शिवाय अर्ध्या तासाच्या फेरीत ती पुरती विरघळत नाही, तळाशी तुकडा उरतो. ‘ऑल-इन-वन’ टॅब्लेटमधला मिठाचा पर्यायही मर्यादित पाण्यापर्यंतच चालतो. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत ही मर्यादा साधारण २१ जर्मन अंशांची दिलेली असते. त्याहून जड पाण्याला टॅब्लेटसोबतही वेगळं मीठ भरावंच लागतं.

एन्झाइमना वेळ लागतो, हे फेरी निवडताना लक्षात ठेवा. ५० अंशांची लांबलचक इको फेरी त्यांना मानवते आणि रोजच्या भांड्यांना तीच लावावी, मग पावडरही कमी पुरते. तुपातुपाची कढई आणि मटणाची पातेली असतील त्या दिवशी ६५-७० अंशांची.

प्रश्न: आमच्याकडे पालिकेचं मोरबे धरणाचं पाणी येतं, टँकर कधीच नाही. तरी मीठ घालायलाच हवं का? आणि घरातलं मीठ चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: धरणात साठलेलं पावसाचं पाणी साधारण मऊच असतं. थेंबांच्या किटवर सहा अंशांपर्यंत आलं तर मिठाची गरज नाही. बॉशच्या अनेक यंत्रांत तेव्हा सेटिंग एच ०० ठेवायचं असतं, आणि मग मिठाचा दिवाही लागत नाही. तुम्ही ‘ऑल-इन-वन’साठी जादा पैसे मोजू नका. साधी एन्झाइमवाली पावडर आणि रिन्स एड एवढं पुरे. मापही कमी ठेवा, कारण मऊ पाण्यात जास्त पावडर काच झिजवते. पंधरा ग्रॅमपासून सुरुवात करा आणि भांडी ओशट निघाली तरच वाढवा.

घरातलं मीठ मात्र कधीही नको. ते बारीक असतं, तळाशी त्याचा चिखल होतो. त्यात आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात. जाडं खडेमीठ त्याला पर्याय वाटतं, पण त्यात माती आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. मिठाचं काम यंत्रातल्या राळेचे मणी पुन्हा ताजे करण्याचं आहे. हेच मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात. ते खराब झाले तर दुरुस्तीच्या खर्चात वर्षानुवर्षांचं मीठ येईल. मीठ लागत असेल तर डिशवॉशरचंच आणा. पहिल्यांदा भरताना टाकीत आधी साधारण लिटरभर पाणी ओता, पुढे पाणी घालायची गरज नाही. मीठ फेरी लावायच्या अगदी आधी भरा आणि सांडलेलं पुसून घ्या. रात्रभर तसंच राहिलं तर स्टीलच्या तळाला तांबेऱ्याचे ठिपके पडतात.

प्रश्न: धुण्याचा सोडा, बोरॅक्स, सायट्रिक अ‍ॅसिड आणि मीठ मिसळून घरी पावडर करता येते असं सांगतात. फार स्वस्त पडते. करावी का?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर: आमचं मत, रोजच्यासाठी करू नये. तिच्यात एन्झाइम नाहीत, त्यामुळे वाळलेला भात आणि डाळ सुटत नाही. क्षार पाण्यात तरंगते ठेवणारे पॉलिमर नाहीत, त्यामुळे जड पाण्यात सोडा भांड्यांवरच बसतो. सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड बरणीत एकत्र ठेवलं की आपल्या दमट हवेत ते तिथेच फसफसून एकमेकांना निकामी करतात. म्हणूनच ही पावडर दगडासारखी होते. त्यातलं मीठ भांड्यांवर फिरून वाहून जातं, राळेपर्यंत पोचतच नाही.

पण यातल्या दोन वस्तू वेगवेगळ्या वापरल्या तर पैसे खरंच वाचतात. पाणी मऊ असेल आणि भांडी फार तेलकट असतील, तर दारावर टाकायची महागडी पावडर वाचवून तिथे एक चमचा धुण्याचा सोडा टाका. खाण्याचा सोडा नको, तो फार सौम्य असतो. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या यंत्रात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकून, पावडर न घालता, ६५ अंशांची फेरी लावा. आतला क्षारांचा थर निघतो. ढोकळ्याला वापरतो तेच हे, किराणा दुकानात सुटं मिळतं. त्या फेरीत ब्लीच चुकूनही घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न: पावडर संपली म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले. दारातून फेस बाहेर आला आणि यंत्र बंद पडलं. बिघडलं का?
— एक वाचक, कळवा

उत्तर: बहुधा नाही. हाताने घासायचं लिक्विड फेस व्हावा म्हणूनच बनवलेलं असतं. फेस पंपात शिरला की पाण्याचा जोर जातो, आणि तळाच्या ट्रेमध्ये उतरला की गळती समजून यंत्र थांबतं. प्लग काढा, फेस टॉवेलने टिपून घ्या, तळाशी अर्धी वाटी व्हिनेगर ओता. मग प्लग लावून पाणी काढून टाका आणि फेस संपेपर्यंत नुसत्या खंगाळणीच्या फेऱ्या लावा. तरी गळतीचा संकेत राहिला तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलं आहे. ते काढायला सर्व्हिसवाल्याला बोलवा. एखाद दिवस पावडर नसेल तर भांडी हाताने घासणं बरं.

प्रश्न: पावसाळ्यात पावडरचा गोळा होतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं, पण शेवटचा अर्धा भाग कामाचा राहत नाही.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: जून ते सप्टेंबर एक किलोहून मोठं पाकीट घेऊ नका. ओल लागली की परकार्बोनेट हळूहळू मोडतं आणि एन्झाइमही मंदावतात, म्हणजे गोळा फोडून बारीक केला तरी जोर परत येत नाही. पावडर आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, चमचा कोरडा ठेवा, आणि बरणी सिंकखालच्या कपाटात ठेवू नका. कप्प्यात पावडर घालून रात्रभर यंत्र तसंच सोडू नका. आत ओल असते, पावडर थापली जाते आणि झाकण अडकतं. पातळ आवरणाच्या पॉड्सना ओला हात लावला तर ते एकमेकांना चिकटतात.

प्रश्न: अ‍ॅल्युमिनियमची कढई काळी पडली, प्लास्टिकच्या डब्यांचा हळदीचा रंग जात नाही आणि माशांच्या कालवणाचा वास यंत्रात राहतो. पावडर हलकी आहे का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: कढईत पावडरचा दोष नाही. डिशवॉशरची प्रत्येक पावडर तीव्र अल्कधर्मी असते आणि अ‍ॅल्युमिनियम तिने काळं पडतंच. पितळ, तांबं, बिडाचा तवा आणि हार्ड अ‍ॅनोडाइज्ड भांडीही बाहेरच ठेवा. हळदीचा रंग प्लास्टिकमध्ये मुरतो. परकार्बोनेटवाली पावडर आणि गरम फेरी लावून तो फिका करा आणि डबे दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. हळदीतला रंग उन्हाने उडतो, पावडरपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो.

वास यंत्राच्या तळाशी खरकटं अडवणाऱ्या जाळीतून येतो. ताटं आत लावण्याआधी काटे, कढीपत्ता, चिंचेचा चोथा कचऱ्यात झटका. नळाखाली धरून खंगाळायची गरज नाही. जाळी आठवड्यातून एकदा फिरवून बाहेर काढा. खोबऱ्याच्या वाटणाचा लगदा तिच्या बारीक छिद्रांत बसलेला दिसेल, तो जुन्या टूथब्रशने आणि गरम पाण्याने काढा. मग पाणी फवारणारे दोन्ही पंखे काढून उजेडाकडे धरा. मोहरी आणि जिरं छिद्रात अडकलेलं असतं, ते टूथपिकने बाहेर ओढा, आत ढकलू नका. जाळी परत बसवताना खटका लागेपर्यंत फिरवा. ती सैल राहिली तर खरकटं सरळ पंपात जातं.