फास्टर फेणे संपला, आता चौदा वर्षांच्या मुलाला काय द्यावं?

सरळ फेलूदा, म्हणजे बंगाली गुप्तहेराच्या गोष्टी द्या. सत्यजित राय यांच्या या कथांचे अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद मिळतात. सुरुवात राजस्थानातल्या सोन्याच्या किल्ल्याच्या गोष्टीपासून करा: पूर्वजन्म आठवणारा मुकुल, त्याच्या मागावरचे भामटे आणि उंटावर बसून घामाघूम झालेले रहस्यकथालेखक ‘जटायू’! गोष्ट सांगतो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे, साधारण याच वयाचा, त्यामुळे मुलं लगेच रमतात.

त्याला समुद्र, प्रवास असलं आवडत असेल तर फास्टर फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे. शेरलॉक होम्सही चालेल, पण कादंबरीऐवजी आधी लघुकथा द्या. अगाथा ख्रिस्तीची बेटावर अडकलेल्या दहा जणांची कादंबरी मात्र वर्षभर थांबून द्या, त्यात खून फार आहेत. आणि शेवट आधी सांगू नका म्हणजे झालं.