बीई इलेक्ट्रिकलला 58 टक्के, गेट (एमटेक प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा) दिलेली नाही. एमटेकला प्रवेश मिळेल का?

मिळेल, पण कुठे, हा खरा प्रश्न आहे. आयआयटी आणि नागपूरचं व्हीएनआयटी सध्या विसरा. खुल्या वर्गासाठी तिथे साधारण 60 टक्क्यांची अट असते, आणि नियमित जागेला गेट लागतेच. राज्याच्या सीईटी सेलमार्फत (प्रवेश प्रक्रिया चालवणारा सरकारी कक्ष) होणाऱ्या प्रवेशाला मात्र पदवीला 50 टक्के पुरतात (महाराष्ट्रातल्या राखीव वर्गाला 45). आधी गेटवाल्यांना जागा देतात, उरलेल्या तुमच्यासारख्यांना पदवीच्या गुणांवर. खासगी कॉलेजांत अशा जागा उरतात.

तरी माझं मत विचाराल तर एक वर्ष थांबून गेट द्या. गेट पात्र असाल तर मान्यताप्राप्त कॉलेजात दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, नसाल तर फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही खिशातून. गेटचा पेपर 100 गुणांचा, तीन तास, 65 प्रश्न. त्यातले 15 गुण ॲप्टिट्यूडचे (भाषा, साधं गणित, तर्क), तिथे इलेक्ट्रिकलचं काही लागत नाही. आपली मुलं नेमकं तेच सोडून मशीन्स घोकत बसतात. चार पर्यायांतून एकच निवडायचा असेल तिथे चुकलं की गुण कापतात. आकडा टाईप करायच्या प्रश्नात कापत नाहीत, म्हणून तो कधी कोरा सोडू नका. स्कोअर तीन वर्षं चालतो.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी विषय आणि लॅब, दुसरं जवळजवळ सगळं प्रबंधात जातं. त्यामुळे पॉवर सिस्टिम्स की पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे ठरवताना गाईड कोण मिळणार तेही आधी विचारून ठेवा.