गिनी-बिसाऊचं सरकार काजूवर कसं चालतं?

तुम्ही विचारलंय की गिनी-बिसाऊ हा पश्चिम आफ्रिकेतला जेमतेम वीस लाख वस्तीचा देश नुसत्या काजूवर कसा चालतो, आणि तिथल्या तिजोरीत पैसा येतो कुठून.

चंदगड भागात माझा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. घरची बी संपली की आफ्रिकेची घ्यावी लागते. पोतं बिसाऊचं आहे म्हटलं की व्यापारी भाव चढवूनच सांगतो. कारण उतारा. ऐंशी किलोच्या पोत्यातून किती पौंड गर मिळतो त्यावर आमचा सगळा हिशेब. आयव्हरी कोस्टची बी ४७-४८ पौंड देते, बिसाऊची ५२-५३. म्हणजे माल उत्तम आहे. तरी तो देश जगातल्या सगळ्यात गरीब देशांत मोडतो, हे मला वर्षानुवर्षं खुपतं.

बाहेर जाणाऱ्या मालात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या काजूचा. जवळजवळ सगळी बी टरफलासकट जहाजात चढते आणि भारतात नाहीतर व्हिएतनामला उतरते. भाजणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी, म्हणजे मजुरी आणि नफा जिथे असतो ते सगळं काम कोल्लमला, मंगळूरला, आमच्याकडे, नाहीतर व्हिएतनामला होतं. (पोर्तुगीजांनी गोव्यात आणला तोच हा काजू. बिसाऊही त्यांचीच वसाहत, त्यामुळे तिथेही त्याला काजूच म्हणतात, आणि बोंडूच्या रसाची दारूही होते.)

आता तिजोरीचं. हंगाम मार्चअखेर ते जुलै. सुरुवातीला सरकार शेतकऱ्याला किलोमागे किती मिळावेत तो भाव जाहीर करतं, आणि बी बंदरातून निघताना निर्यातदाराकडून कर घेतं. निर्यातदार तो कर स्वतःच्या खिशातून कशाला भरेल? तो शेतकऱ्याच्या भावातूनच कापतो. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष जुझे मारियू वाझ यांनी किलोला १००० फ्रँक (सीएफए फ्रँक, पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांचं सामाईक चलन) जाहीर केले, तेव्हाचे साधारण १२० रुपये. त्या भावाला घेणारेच पुढे आले नाहीत. घरात तांदूळ नसताना बी धरून कोण बसणार? खाण्यातला बराच तांदूळ बाहेरून येतो, आणि खेड्यात बी देऊन तांदूळ घ्यायची रीत आहे. अडचणीच्या साली किलोभर तांदळासाठी दोन-तीन किलो बी मोजावी लागते. जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव यातलं अंतर हीच तिथली खरी अर्थव्यवस्था, असं माझं मत आहे. कर फार वाढला की बी सीमेपलीकडे सेनेगलात झिगिंशोरकडे निघून जाते आणि सरकारच्या हाती काहीच लागत नाही.

काजूखेरीज मासेमारीचे परवाने आहेत. युरोपीय संघाबरोबरच्या २०२४ ते २०२९ च्या कराराचे वर्षाला १.७ कोटी युरो ठरले आहेत. बाकी आयातीवरची जकात आणि परदेशी मदत. एकूण कर जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पादनाच्या, दहा टक्क्यांच्या आसपासच अडकतो. ज्या आठ देशांच्या चलनसंघात हा देश आहे, त्याचा दंडक किमान वीस टक्क्यांचा. सरकारी पगारावर करवसुलीच्या ३५ टक्क्यांहून जास्त जाऊ नये असाही नियम आहे, तोही इथे कधीचा मोडलेला.

१९९७ मध्ये त्यांनी स्वतःचा पेसो सोडला, ६५ पेसोंना एक फ्रँक या दराने. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कारण त्याआधी महागाईने लोकांचं कंबरडं मोडलं होतं. पण आता नोटा छापणं आठही देशांच्या डाकारमधल्या (सेनेगल) मध्यवर्ती बँकेच्या हातात. तूट आली की शेजारच्या देशांतल्या बँकांना रोखे विकून पैसे उभे करायचे. २०१० च्या शेवटी १०० कोटी डॉलरहून जास्त कर्ज माफ झालं होतं, तरी बोजा पुन्हा चढला. त्यात लष्कराची बंडं. २०१२ चं तर एप्रिलमध्ये झालं, ऐन हंगामात.

मग तिथेच कारखाने का काढत नाहीत? त्यासाठी २०११ मध्ये किलोला ५० फ्रँकचा खास कर लावला होता. पैसा शेतकऱ्याच्या भावातून गेला, कारखाने मात्र उभे राहिले नाहीत. कारखान्याला भांडवल लागतं, भरवशाची वीज लागते. २०२३ साली राजधानीला वीज मिळायची ती किनाऱ्याला लावलेल्या, वीज बनवणाऱ्या एका तुर्की जहाजावरून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिलाचे दीड कोटी डॉलर थकले म्हणून जहाजाने वीज तोडली आणि बिसाऊ शहर अंधारात गेलं. साठ लाख डॉलर भरल्यावर दिवे लागले. काजूचा हंगाम सरून तेव्हा तीन महिने झाले होते, आणि नवी बी यायला आणखी पाच होते.