सासूबाई कुणाला हाक मारतात?

साताऱ्याचं माहेर असलेली, पुण्यात राहणारी एक सून लिहिते: बेळगावातल्या शहापूरच्या घरी 81 वर्षांच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळल्या आहेत. कॅथेटर आहे, विसरणं वाढलंय, रात्रीची बाई टिकत नाही. पुण्यात एक शुश्रूषा केंद्र पाहिलंय, ‘अगदी मराठी वातावरण’. डिपॉझिट भरू का? लोक नावं ठेवतील का? आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता: ‘पैशाची काही अडचण नसताना त्या रात्रभर तंगी, तंगी करतात. माहेर बैलहोंगलचं आहे त्यांचं.’

अगं बाई, बैलहोंगल म्हणजे कानडी मुलूख, आणि तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

साताऱ्याच्या मुलीला हे कुठून कळणार? पण बेळगावात वाढलेल्या तुझ्या नवऱ्याला कळतं. ते गप्प का बसले, हे मला विचारू नकोस, त्यांना विचार. सासऱ्यांच्या घरात कानडी चालत नसणार, एवढा अंदाज मी बांधते. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मीही चालले आहे, त्यामुळे तो राग मला कुणी शिकवायला नको. पण लग्न करून आलेल्या बैलहोंगलच्या त्या मुलीने माहेरची बोली उंबऱ्याबाहेर ठेवली आणि जन्मभर आपल्या मराठीत सगळ्यांचं केलं. आता स्मरण जातंय, तशी मागून शिकलेली मराठी आधी निसटतेय. असं पुष्कळांचं होतं. बालपणीची भाषा बहुधा शेवटपर्यंत उरते.

ही बडबड अचानक सुरू झाली असेल, तर आधी लघवी तपासून घे. कॅथेटर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला की ताप नसतानाही भ्रम होऊ शकतो.

पुण्याचं डिपॉझिट भरू नकोस. तिथे त्या ‘नीर’, म्हणजे पाणी, म्हणतील आणि तहानलेल्या राहतील. ‘ब्याड’, म्हणजे नको, म्हणतील आणि घास तोंडात कोंबला जाईल. बेळगावातच जागा शोध. नीट शोध, कारण आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे खासगी दवाखाना, तिथून बरं वाटलं की घरी पाठवतात. आणि वृद्धाश्रम बहुधा हिंडत्याफिरत्या माणसालाच घेतात. तुला हवी रात्रपाळीला नर्स असलेली जागा, जिथे दर दोन तासांनी कूस बदलतात आणि पाठीला जखम होऊ देत नाहीत. बघायला सकाळी जाऊ नकोस, सकाळी सगळीकडे फिनेलचा वास नि हसरे चेहरे असतात. रात्री नऊनंतर जा, नवऱ्याला घेऊन, आणि रात्रपाळीच्या बाईशी त्यांनाच कानडीत बोलू दे.

लोकांचं म्हणशील तर रात्री दोन वाजता कूस बदलायला त्यांतलं कुणी येत नाही.

बैलहोंगलची ती धाकटी बहीण हयात असेल तर आजच फोन लावा. नवऱ्याला म्हणावं, फोन आईच्या कानाशी धरा. तू जरा खोलीबाहेर थांब.