जाड तारा, ब्रिज आणि पावसाळी हवा

या वेळचे बहुतेक प्रश्न हेवी मेटल वाजवणाऱ्या गिटारवाल्यांचे आहेत. कुणाला नवी गिटार घ्यायची आहे, कुणाचा ब्रिज (गिटारच्या अंगावरचा तारा धरणारा भाग) वाकडा झालाय, कुणाच्या काळ्या हार्डवेअरवर गंज चढलाय. तारांची मापं रिवाजाप्रमाणे इंचाच्या हजाराव्या भागात दिली आहेत. ४६ म्हणजे ०.०४६ इंच, आणि १०–४६ म्हणजे सर्वांत पातळ तार १० ची, सर्वांत जाड ४६ ची. ई स्टँडर्ड म्हणजे नेहमीचं ट्यूनिंग. ड्रॉप सीमध्ये सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ईवरून सीपर्यंत उतरवतात आणि बाकीच्या पाच दोन अर्धस्वर.

प्रश्न : आमचा बँड अर्धी गाणी ई स्टँडर्डमध्ये आणि अर्धी ड्रॉप सीमध्ये वाजवतो. नवी गिटार घ्यायची आहे. दुकानदार फ्लॉइड रोझवाली गळ्यात मारतोय, ‘मेटलला हाच ब्रिज लागतो’ म्हणतो. घेऊ का? (पुणे)

एकाच गिटारवर दोन ट्यूनिंग्ज वाजवणार असाल तर घेऊ नका. फ्लॉइड रोझ हा तरंगता ब्रिज, आणि तरंगता ब्रिज म्हणजे तराजू. एका पारड्यात तारांचा ताण, दुसऱ्यात मागच्या स्प्रिंगांचा. खालची ई तार सीपर्यंत उतरवली की तारांचं पारडं हलकं होतं, स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. त्या उतरवायला जावं, तर आधी लावलेली तार पुन्हा हलते. त्यात नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी, कुलूपबंद. आधी अ‍ॅलन किल्लीने तीन क्लँप सोडा, ट्यून करा, परत आवळा. स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये हे होत नाही.

फ्लॉइड रोझ यांना या ब्रिजचं पेटंट १९७९ मध्ये मिळालं. त्यांनी सोडवलेला प्रश्न वेगळाच होता. ब्रिजला जोडलेला दांडा, म्हणजे बार, दाबून तारा पार ढिल्या सोडल्या की त्या नटमध्ये अडकतात, खुंटीवरचे वेढे सरकतात आणि तार मूळ सुरावर परत येत नाही. तार नटवर आणि सॅडलमध्ये (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो तुकडा), दोन्ही टोकांना आवळून टाकली की सरकायला जागाच उरत नाही. म्हणजे तुमच्या गाण्यांत डाइव्हबॉम्ब (बार दाबून सूर पार खाली नेणं) आणि किंचाळणारे हार्मोनिक्स असतील तर या ब्रिजला तोड नाही. नुसती रिफ वाजवायची तर तो ओझंच आहे. पाम म्यूट करताना, म्हणजे तळव्याच्या कडेने तारा दाबून वाजवताना, तळव्याचा भार ब्रिजच्या मागच्या भागावर पडला की सूर चढतो, एक तार खेचली की बाकीच्या उतरतात, आणि कार्यक्रमात एक तार तुटली की पाचही बेसूर.

तुम्ही हार्डटेल, म्हणजे न हलणाऱ्या ब्रिजची गिटार घ्या. तारा अंगातून मागे जाणाऱ्या असाव्यात की वरूनच ओवायच्या, यावर दुकानात बरीच चर्चा होते. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा सॅडलवर तळवा ठेवून पाहा. उंचीचे बारीक स्क्रू वर डोकावत असतील तर तासाभराच्या रिहर्सलमध्ये तळव्याची कड सोलवटते. आणि सॅडलला मागे सरकायला जागा किती आहे तेही पाहा. जाड तारांना ती लागते. का, ते कोल्हापूरच्या प्रश्नात येईलच.

बार हवाच असेल, पण फक्त खाली दाबण्यापुरता, तर एक मधला मार्ग आहे. मागच्या खोबणीत ब्रिजचा ब्लॉक आणि नेकच्या बाजूची भिंत यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा बसवायचा आणि स्प्रिंगा थोड्या जास्त आवळायच्या. ब्रिज वर उचलला जात नाही, दाबता मात्र येतो, आणि तार तुटली तरी बाकीच्या जागच्या जागी राहतात.

प्रश्न : माझ्या फ्लॉइड रोझला १०–४६ चा सेट होता. ड्रॉप सीसाठी १२–६० चढवला, तर ब्रिज पुढे झुकून उभा राहिला. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बोटभर वर गेलीय. स्टड खाली आवळू का? (डोंबिवली)

स्टडला, म्हणजे ब्रिज ज्यांवर टेकतो त्या दोन खुंट्यांना, हात लावू नका. तारा ताणलेल्या असताना स्टड फिरवला की ब्रिजची सुरीसारखी धार त्यावर घासते आणि बोथट होते. ती एकदा गेली की ब्रिज मूळ जागी परत येणं विसरतो.

तुमच्या ब्रिजने तुम्हाला हिशेबच करून दाखवलाय. २५.५ इंच स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंतच्या लांबीवर) १०–४६ सेटचा ई स्टँडर्डमधला एकूण ताण साधारण ४७ किलो असतो. १२–६० ड्रॉप सीमध्ये लावला तर तो ५६ किलोच्या आसपास जातो. सूर खाली गेला तरी तारा त्याहून जास्त जाड झाल्या, आणि स्प्रिंगा मात्र त्याच. तीन असतील तर चौथी घाला. चारावरही क्लॉ (स्प्रिंगा अडकवलेली मागची पट्टी) लाकडाला टेकेपर्यंत आवळावा लागला तर पाचवी. मग असं करा :

आधी नटचे क्लँप सोडा आणि फाइन ट्युनर (ब्रिजवरचे बारीक सूर लावायचे स्क्रू) मधोमध आणा. तारा थोड्या ढिल्या करून ब्रिजची पट्टी अंगाला समांतर करा आणि हाताने तशीच धरा. मागच्या खोबणीत ब्लॉक आणि पट्ट्याच्या बटणाकडची भिंत यांच्यात जेवढी फट उरते, बरोबर तेवढ्या जाडीची लाकडी पाचर तिथे बसवा. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचूनही चालतं. आता ब्रिज पुढे झुकू शकत नाही. सहाही तारा सुरात लावा, हाताने ताणा, पुन्हा लावा, निदान तीनदा. मग क्लॉचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत जा. एका क्षणी पाचर आपोआप सैल होऊन खाली पडेल. त्या क्षणी स्प्रिंगा आणि तारा बरोबरीत आलेल्या असतात. थांबा, सूर तपासा, नट आवळा. आवळताना जो थोडा सूर चढतो तो फाइन ट्युनरने उतरवायचा. त्यासाठीच ते मधोमध ठेवले होते.

दोन सूचना. किल्लीचा लांब हात धरून जोर लावू नका, आखूड हात धरा. तुमचा ब्रिज स्पेशल मालिकेतला असेल तर त्याची सॅडल जस्ताच्या मिश्रधातूची आहेत, जास्त आवळल्यावर चिरतात. ओरिजनलची सॅडल पोलादी असतात. दुसरं, ६० ची तार जुन्या नटमध्ये नीट बसत नसेल तर क्लँप ती दाबून वाकडी करतो आणि आवळताना सूर भलताच चढतो. तार आधी खाचेत पूर्ण टेकलीय का ते बघा.

आणि १२–६० खरंच हवाय का? त्याच ट्यूनिंगला ११–५६ सेटचा ताण ४९ किलोच्या आसपास येतो. म्हणजे तुमच्या जुन्या तीन स्प्रिंगांवरही क्लॉ थोडासाच आवळून भागलं असतं.

प्रश्न : २४.७५ इंच स्केलची सिंगल कट गिटार आहे, ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज, तारा १०–४६. ड्रॉप सीमध्ये सहावी तार जोरात मारली की सूर आधी चढतो मग खाली येतो. बाराव्या फ्रेटवरही बेसूर. ब्रिज बदलू? (कोल्हापूर)

ब्रिज निर्दोष आहे. तार ढिली आहे. ४६ ची तार तुमच्या स्केलवर ईला साधारण साडेसात किलोने ताणलेली असते. सीला आणलीत की पावणेपाच किलोवर येते. एवढ्या ढिल्या तारेवर जोराचा घाव बसला की तीच क्षणभर ताणली जाते आणि सूर चढतो.

यासाठी एक सोपा हिशेब पाठ असू द्या. एक अर्धस्वर खाली गेलात की ताण साधारण ११ टक्के घटतो, आणि तो भरून काढायला तार साधारण ६ टक्के जाड लागते. ई ते सी चार अर्धस्वर. ४६ ला चार वेळा सहा टक्क्यांनी वाढवा, ५८ येतात. म्हणजे सहावी तार ५६ ते ६० मधली हवी. बाकीच्या पाच फक्त दोन अर्धस्वर उतरतात, त्यांना ११ पासूनचा सेट पुरतो. स्केल वाढवण्याचाही हाच परिणाम. २५.५ वरून २७ इंचांवर गेलात तर ताणाच्या दृष्टीने एका अर्धस्वराची भरपाई होते, म्हणून बॅरिटोन गिटारी असतात.

जाड तार चढवल्यावर दोन ठिकाणी अडेल. पहिलं नट. ४६ साठी कापलेल्या खाचेत ५८ ची तार चिमटली जाते. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर उडी मारतो, ती हीच खूण. नट फाइल नसेल तर जुन्या जाड तारेभोवती ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या फक्त दोन्ही भिंती घासा. तळ घासलात तर तार पहिल्या फ्रेटवर खणखणायला लागेल आणि नट बदलावा लागेल. शेवटी खाचेत पेन्सिलीचं शिसं भरा.

दुसरं इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, टेलपीसकडे (ब्रिजमागच्या तारा अडकवायच्या पट्टीकडे) न्या. उतरा असेल तर पुढे. दर वेळी सॅडल हलवण्याआधी तार ढिली करा. जाड तारेला सॅडल बरंच मागे लागतं आणि ट्यून-ओ-मॅटिकवर जागा संपते. तसं झालं तर सॅडल काढून उलटं बसवा. त्याचा तिरका उतार दुसऱ्या बाजूला जातो आणि तारेचा टेकण्याचा बिंदू मिलिमीटर-दोन मिलिमीटरने मागे सरकतो. शेवटी टेलपीस इतकी खाली नको की तार ब्रिजच्या मागच्या कडेला घासेल. सॅडल आणि टेलपीस यांच्यामधून एक कागद सरकवून पाहा, तारेखाली तो अडकता कामा नये.

एवढं सगळं जाड तारांवरच करा. पातळ तारांवर इंटोनेशन लावण्यात दुपार घालवू नका, ते लागणारच नाही.

प्रश्न : काळं हार्डवेअर आहे. दोन पावसाळ्यांत सॅडलचे स्क्रू गंजले, आता फिरतच नाहीत. कोणतं फिनिश टिकतं? (रत्नागिरी)

गंज कुठे आहे ते नीट बघा. बहुतेक वेळा सहाव्या आणि पाचव्या तारेच्या सॅडलवर सर्वांत जास्त असतो, कारण पाम म्यूट करताना तळव्याचा घाम तिथेच जिरतो. तांबूस गंज म्हणजे पोलाद, पांढरी भुकटी म्हणजे जस्त. लोहचुंबक चिकटला तर भाग पोलादी, चिकटला नाही तर जस्त किंवा पितळ असण्याची शक्यता जास्त. काळा रंग निव्वळ वरचा थर आहे. तो खरवडला गेला की आतला धातू उघडा.

कोकणच्या हवेत आमची पसंती क्रोमला. कडक असतं आणि घामाला दाद देत नाही. निकेल धुरकट होतं, पण ते पुसून निघतं. सोनेरी मुलामा सर्वांत आधी जातो, तळवा टेकतो तिथून. काळं दिसायला झक्कास आहे, ते हवंच असेल तर घ्या, पण सॅडलचे बारीक स्क्रू स्टेनलेस स्टीलचे बदलून घ्या. खर्च किरकोळ, आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते.

अडकलेले स्क्रू असे काढा. तार ढिली करा, ब्रिजभोवती मास्किंग टेप लावा. सुईने स्क्रूच्या खळग्यातली घाण उकरा, कारण किल्ली पूर्ण आत गेली नाही तर खळगा गोल होतो. सुईच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब आट्यांवर सोडा. डबा धरून फवारू नका, तेल लाकडात आणि पिकअपमध्ये जातं. रात्रभर ठेवा. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक खळग्यात अर्धा मिनिट टेकवा, मग किल्ली आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, नंतर उलट. किल्ली नेमकी मापाची हवी. बऱ्याच आशियाई ब्रिजना १.५ मिलिमीटर लागते, अमेरिकन फेंडरना ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर. एकाच्या जागी दुसरी घातली की काम संपलं.

पुढे रोज वाजवून झालं की जुन्या सुती बनियनच्या फडक्याने तारा खालूनही पुसा, महिन्यातून एकदा स्क्रूंना शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लावून लगेच पुसा, आणि केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं ठेवा. ओली केस बंद करून ठेवणं सर्वांत वाईट.

प्रश्न : मॅट काळी गिटार आहे, हात टेकतो तिथे चकाकायला लागलीय. पॉलिश लावू का? आणि ग्लॉस फिनिशने आवाज दबतो हे खरं का? (म्हापसा)

पॉलिश लावलंत तर उरलेलीही चकाकेल. मॅट म्हणजे बारीक खडबडीत पृष्ठभाग, घासून तो गुळगुळीत झाला की चमकतो. राखाडी नायलॉनचा बारीक स्क्रबिंग पॅड घेऊन हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. स्टील वूल वापरू नका, त्याचे कण पिकअपच्या चुंबकांना चिकटतात आणि निघता निघत नाहीत. चकाकणारा, चिकट वाटणारा नेकही याच पॅडने घासता येतो. फ्रेटबोर्डच्या कडांना टेप लावायला विसरू नका. नेकचं लॅकर पार काढून नुसतं तेल लावायचा मोह मात्र किनारपट्टीवर टाळा. दमट हवेत लाकूड ओलावा धरतं आणि नेक सतत हलत राहतो.

आवाजाचं म्हणाल तर डिस्टॉर्शनखाली फिनिशचा फरक ऐकू येत नाही. तारा, पिकअप आणि पिकची जाडी यांचा येतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर मात्र रबरी किंवा फोमच्या स्टँडपासून आणि रेक्झिनच्या पट्ट्यापासून ते जपा. काही आठवड्यांत लॅकर मऊ पडून डाग उठतो. मधे सुती कापड गुंडाळा. पॉलिएस्टर, पॉलियुरेथेनला हा त्रास सहसा नसतो.

प्रश्न : एव्हरट्यून ब्रिज जुन्या गिटारला बसवावा का? (नाशिक)

घरगुती स्टुडिओत थरावर थर चढवून रिदम गिटारी रेकॉर्ड करत असाल तर विचार करा. प्रत्येक सॅडलमागे स्प्रिंग आणि तरफ असते, ती तारेचा ताण एकसारखा राखते, त्यामुळे जोराच्या घावानेही सूर चढत नाही. पण त्यासाठी अंगात मोठा खड्डा कोरावा लागतो आणि तो भरून येत नाही. बार मिळत नाही. तारांचं गेज किंवा ट्यूनिंग बदललं की प्रत्येक सॅडल नव्याने लावावं लागतं. ते नीट लावलं नाही तर तार खेचूनही सूर हलत नाही. सोलो वाजवणाऱ्याने ते सॅडल इतकंच आवळायचं की खुंटी आणखी थोडी फिरवली तर सूर चढायला लागेल. सॅडल त्या सीमेवर ठेवलं की बेंड, म्हणजे तार खेचून चढवलेले सूर, येतात. कोरायच्या आधी खोबणीच्या जागी लाकूड किती जाड आहे ते मोजा, आणि कोरणाऱ्याने हा ब्रिज आधी बसवलेला आहे का, ते विचारा.